भोपळ्याआधी सलगम होता

हॅलोविन म्हटलं की आपल्याकडे लोकांना अमेरिका आठवते. मी आयर्लंडच्या मीथ काउंटीत, नॅव्हनला राहते. या सणाचं माहेर इथलं आहे, आणि हे मला दरवर्षी ठासून सांगावंसं वाटतं.

जुनं नाव साउइन. ३१ ऑक्टोबरला सूर्य मावळला की सुरू. कापणी संपलेली असते, उन्हाळी कुरणांवरची गुरं खाली आणलेली असतात, आणि वर्ष उजेडातून काळोखात शिरतं. त्या सांध्यावर पलीकडच्या जगाचं दार उघडं राहतं, अशी इथली श्रद्धा. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसायचं नाही, हे ऐकत मी वाढले. मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

अथबॉयजवळ वॉर्डची टेकडी आहे. साउइनच्या रात्री तिथे होळी पेटायची आणि देशभरातल्या विझवलेल्या चुली त्याच विस्तवावर पुन्हा पेटवायच्या, असं सतराव्या शतकात आयरिश इतिहासकार जेफ्री कीटिंग यांनी लिहून ठेवलं आहे. तारा नावाच्या टेकडीवर तर सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी समाधी आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला उगवत्या सूर्याची किरणं तिच्या आत जातात. चर्चने पुढे १ नोव्हेंबर सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर मृतांचा दिवस ठरवला.

शेजारच्या आजी सांगतात, त्यांच्या आईच्या घरी मृतांच्या रात्री दाराला कडी लावत नसत. शेगडीभोवती खुर्च्या मांडायच्या, पाण्याचं भांडं भरून ठेवायचं आणि सगळ्यांनी लवकर झोपायचं, म्हणजे घरची गेलेली माणसं निवांत येऊन बसतील. बाबा गेल्यापासून मीही एक खुर्ची मांडते. भीती दाखवणं हा या सणाचा वरचा थर आहे. खाली ही खुर्ची आहे.

आणि दिवा. भोपळा अमेरिकेतला. १८४०च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळात आणि त्यानंतर आयरिश माणसं तिकडे गेली, त्यांना तो कोरायला सोपा मिळाला. इथे सलगम कोरायचे. जांभळ्या सालीचा, आतून पिवळट आणि भयंकर कडक. वरची चकती कापायची, मग चमच्याने खरवडत बसायचं. चमचा वाकतो, मनगट भरून येतं, पण भिंत पातळ झाली की आतून पिवळा उजेड येतो. मेणबत्तीने चकती तापली की कोबी करपल्यासारखा वास घरभर पसरतो. मेयोच्या टर्लो पार्कमधल्या संग्रहालयात डोनेगलच्या फिनटाउनहून आलेल्या अशा दिव्याची प्लास्टरची प्रतिकृती आहे. एका शिक्षिकेने मूळ दिवा १९४३ मध्ये दिला होता. खोल डोळे, मोजके दात. त्या चेहऱ्यापुढे दुकानातला कुठलाही मुखवटा फिका आहे. म्हणून मुलांनो, एकदा तरी सलगम कोरा.

खाण्यात बार्मब्रॅक हवाच: बेदाणे घातलेला गोडसर पाव, आणि आत लपवलेल्या वस्तू. अंगठी आली तर लग्न, नाणं आलं तर पैसा, चिंधी आली तर गरिबी, वाटाणा आला तर यंदा लग्न नाही. हल्ली विकतच्या ब्रॅकमध्ये बहुधा फक्त अंगठी असते. जाड लोणी लावून खायचा. त्या दिवशी जेवायला कोलकॅनन, म्हणजे कुस्करलेल्या बटाट्यात केल नावाची पालेभाजी किंवा कोबी. दोरीला टांगलेलं सफरचंद हात न लावता चावायचा खेळ मुलं अजून खेळतात. डॅनियल मॅक्लिस यांनी १८३३ मध्ये त्याच रात्रीचं मोठं चित्र रंगवलं.

एक नियम मात्र आमच्या घरात कुणी मोडत नाही. साउइननंतर कुंपणावरच्या ब्लॅकबेऱ्या खायच्या नाहीत, कारण त्यांवर पूका नावाचं भूत थुंकून जातं. तोवर त्या पाणचट होऊन बुरशी धरतातच, म्हणून आम्ही सप्टेंबरमध्येच डबे भरून आणतो आणि जॅम करून टाकतो.