तांदीच्या पंपानंतर

मनाली-लेह राइडला मी मेकॅनिक म्हणून जातो. सगळ्यांच्या मागे, टूलबॅग बांधून. हा प्रसंग काही वर्षांपूर्वीचा. मनाली सोडल्यावर वाटेत लागणाऱ्या तांदीच्या पंपावरच्या पाटीनुसार पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर होता. लेहच्या अलीकडे कारूला पेट्रोल मिळायचं, पण तेही सव्वातीनशेच्या पुढेच. बुलेटची टाकी १३.५ लिटरची, घाटात, खडीत २५चं अ‍ॅव्हरेज धरलं तर हिशेब जेमतेम बसतो. म्हणून प्रत्येकाजवळ ५ लिटरचा जादा कॅन.

कॅन गाडीवर ठेवून भरायचा नाही. जमिनीवर ठेवायचा, नोझल तोंडाला टेकवायचं, वर चार बोटं जागा सोडायची. एवढं मी पंपावर उभा राहून करून घेतो. कोल्हापूरच्या काकांनी सगळं ऐकलं आणि पुढे एका टपरीवर कोल्ड्रिंकच्या बाटल्यांतलं आणखी दोन लिटर घेऊन सॅडलबॅगेत कोंबलं!

बारालाचा ला ही खिंड उतरताना मी त्यांच्या मागे होतो. डांबर संपलेलं, रस्त्यावरून ओहोळ वाहणारे. एकाएकी पेट्रोलचा वास आला.

"काका, थांबा! बंद करा, चावी काढा!"

"का रं? गाडी तर झकास चाललीया."

बॅगेतली एक बाटली कॅरिअरच्या सळईवर घासून घासून सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. ४,८०० मीटरवर हवेचा दाब कमी, त्यात ऊन. आतल्या वाफेनं बाटली फुगून टणक झालेली. त्यामुळे थेंब पडत नव्हते, बारीक चिळकांडी उडत होती. बॅगेचं कापड चिंब झालेलं, आणि खाली वीतभर अंतरावर तापलेला सायलेन्सर.

सगळ्यांना वारा येत होता त्या बाजूला पाठवलं. बाटली काढून गाडीपासून दूर नेली, भोक वर राहील अशी धरली आणि झाकण जरा सैल केलं. फुस्स करून वाफ गेली, चिळकांडी थांबली. मग इंजिन गार होईपर्यंत अर्धा तास काका माझ्यावर वैतागलेले.

जादा पेट्रोल शेवटपर्यंत जपून ठेवायची लोकांना भारी हौस. अरे, गाडीवर पेट्रोलसाठी सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे टाकीच! जाड पत्रा, झाकणाला हवेची वाट, सायलेन्सरपासून लांब. टाकीत जागा झाली की ओतून मोकळं व्हावं.

"मग रिझर्व्हला लागल्यावर काय ओतू?" काकांचा सवाल.

"रिझर्व्ह लागेलच उशिरा की, काका."

बाटल्या तिथेच टाकीत रिकाम्या केल्या, कॅन पुढे पांगच्या मुक्कामी. रात्री काका रिकामा कॅन तंबूत, स्टोव्हजवळच आणून ठेवत होते. त्यात काही नाही म्हणे. भरलेल्या कॅनपेक्षा रिकाम्यातली वाफ लवकर पेट घेते, हे त्यांना पटवायला जेवण गार झालं. शेवटी झाकण घट्ट लावून त्यांनी तो बाहेर नेऊन ठेवला, पुटपुटतच.