आमची वाटचाल : असेंबल पीसीपासून नॅसच्या ट्रॅफिकपर्यंत

नाशिकला आम्ही सुरुवात केली ती असेंबल पीसी आणि टोनर रिफिलिंगनं. नंतर लग्नाचे शूट करणारे स्टुडिओवाले यायला लागले, एकेका लग्नाचा डेटा शेकड्यानं जीबी, पोर्टेबल हार्डडिस्क हातातनं पडायच्या नाहीतर ऐन डिलिव्हरीला दगा द्यायच्या, म्हणून त्यांना सिनॉलॉजी नाहीतर क्यूनॅप कंपनीचे नॅस, म्हणजे नेटवर्कवर जोडलेला, सगळ्यांना एकत्र वापरता येणारा हार्डडिस्कचा बॉक्स, बसवून द्यायला लागलो. बॉक्स विकून फार काही सुटत नाही हो, ऑनलाइन रेट सगळ्यांनाच दिसतो. धंदा उभा राहिला तो "दादा, सर्व्हर स्लो झालाय" या फोनवर.

स्लो म्हणजे कुणाला, आणि किती? नॅसचा रिसोर्स मॉनिटर (कोण किती डेटा ओढतोय ते दाखवणारी स्क्रीन) उघडून बसलं की निम्मं भांडण तिथंच मिटतं. एका स्टुडिओत सगळ्यांची कॉपी सेकंदाला ११० एमबीच्या आसपास आणि एकाच एडिटरची ११ वर अडकलेली. ११ दिसलं की आमचा पोरगा पीसीला हात न लावता सरळ टेबलाखाली शिरतो, कारण गिगाबिटला (सेकंदाला १००० मेगाबिट) केबलच्या आठही तारा लागतात, एक जोडी गेली की लिंक बऱ्याचदा गुपचूप १०० एमबीपीएसवर येते, म्हणजे १०० मेगाबिट, त्याचे एमबी करायला भागिले ८, साडेबारा, आणि हाती पडतात अकराच. खुर्चीच्या चाकानं केबल चेपलेली निघाली.

ट्रान्स्फर लॉग मात्र बसवतानाच चालू करून देतो, बहुतेक ठिकाणी तो बंदच सापडतो. कोणी, कुठल्या आयपीवरनं (म्हणजे कुठल्या मशीनवरनं), कुठली फाइल उघडली, हलवली, उडवली ते सगळं त्यात येतं. "फोल्डर गायब झालं" म्हणून फोन येतो आणि दहातल्या आठ वेळा ते माऊसनं ओढून शेजारच्या फोल्डरात गेलेलं असतं.

२०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरनं (फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) इंटरनेटवर उघडे ठेवलेले क्यूनॅप लॉक करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली, तेव्हापासून लोक रात्रीच्या ट्रॅफिकबद्दलही विचारायला लागले. आता एसएनएमपीवरनं (नेटवर्कवरच्या मशीनकडनं आकडे मागवायची पद्धत) दर पाच मिनिटाला ट्रॅफिकचं रीडिंग घेतो. रात्री बॅकअप चालतोच, त्यामुळे नुसता आकडा मोठा दिसला म्हणून घाबरायचं नाही, बॅकअपची वेळ नसताना शेअरमधल्या फायली धडाधड बदलायला लागल्या तर मात्र आधी नेटची केबल काढायची आणि मग आम्हाला फोन.

काही मालकांना हाच लॉग स्टाफ किती काम करतो ते बघायला हवा असतो. त्याला आम्ही सरळ नाही म्हणतो, एकदोन एएमसी (वर्षाचे मेंटेनन्सचे करार) गेल्या त्यापायी. सध्या जास्त काम सीए ऑफिसांचं आहे, जुलैत रिटर्नच्या घाईत.