वहीत आधीच लिहिलं होतं

सोमवार, रात्री

डाव्या हातानं लिहितेय. पहिलीतल्या पोरीसारखं अक्षर येतंय. उजव्या हाताला कोपराखालपासून तळव्यापर्यंत स्प्लिंट आहे, ती निघायला अजून १८ दिवस.

दिवस कसाही जातो, साडेपाच मात्र जात नाहीत. सात वर्षं झाली, साडेपाचला मी सायकलवर असते, सोलापुरात अशोक चौकातून वेटलिफ्टिंगच्या हॉलकडं. आज साडेपाचला आईसमोर बसून विड्या मोजत होते. पंचवीसचा एक कट्टा, चाळीस कट्टे झाले की हजार. आईनं एकदाच मान वर केली. "जाऊन बसून तरी ये की तिथं. इथं बसून माझे कट्टे चुकवालीस."

खरंच चुकत होते. एका कट्ट्यात सत्तावीस निघाल्या.

झालं ते असं. मंगळवार होता, स्नॅचचा दिवस, म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर न्यायचा. ६२ किलो, दोन-दोनचे सेट. माझ्यासाठी ६२ म्हणजे फार काही नाही, स्पर्धेत ६८ घेतलेत. तिसऱ्या सेटच्या दुसऱ्या लिफ्टला बार डोक्यावर गेला आणि बोटभर मागं सरकला. अशा वेळी काय करायचं हे हॉलमधल्या सहावीतल्या पोरालाही माहीत असतं. बार मागं सोडायचा, आपण पुढं सटकायचं. धाडकन आवाज होतो, रबराच्या प्लेटा उसळतात, कुणी वळूनसुद्धा बघत नाही. मी सोडला नाही. आधीच्या सेटला एक लिफ्ट चुकली होती आणि सर म्हणाले होते, हा सेट पुरा केलास तर शनिवारी ७० लावू. शनिवारच्या ७० साठी मी मंगळवारचे ६२ धरून ठेवले. मनगट मागं गेलं, मग बाहेरच्या बाजूला पिळलं आणि करंगळीच्या अंगाला काहीतरी चटकन सुटलं. बार पडल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? प्लेटा काढून जागेवर लावल्या. डाव्या हातानं. कुणाला कळू नये म्हणून.

पुढचे चार दिवस नुसता मूर्खपणा. हळदीचा लेप झाला, रुईचं पान झालं. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून पेठेतल्या एका मालिशवाल्याकडं गेले. त्यानं तेल चोळून हात ओढला, कट्ट वाजवला आणि म्हणाला, शीर सरकली होती, बसवली. (मनगटात सरकणारी ही शीर मला अजून कुणी दाखवलेली नाही.) रात्री हात असा फुगला की मनगटातला दोरा कात्रीनं कापावा लागला.

बुधवार

फिजिओ मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "कधीपासून?" मी सांगितलं, गेल्या मंगळवारपासून. त्यांनी माझा हात पालथा ठेवला. मनगटाशी करंगळीच्या बाजूला हाडाचा उंचवटा असतो ना, त्याच्या शेजारच्या खळग्यात अंगठा टेकवला. दाबलाही नाही, नुसता टेकवला. मी खुर्चीतून उठले. मग कुलपात किल्ली फिरवल्यासारखी मूठ फिरवायला लावली. ती निम्म्यातच थांबली. तेव्हा त्या म्हणाल्या, "हे एका मंगळवारचं नाही."

एमआरआयमध्ये निघाली ती टीएफसीसीची चीर. हाताची दोन हाडं मनगटापाशी भेटतात तिथं करंगळीच्या अंगाला कूर्चा आणि अस्थिबंधांची एक छोटी गादी असते. तळवा उलटासुलटा करताना ती दोन्ही हाडं एकत्र धरून ठेवते, आणि हातावर भार आला की त्यातला थोडा स्वतःवर घेते. गादीच्या कडेला रक्त पोचतं, मधल्या भागात जवळजवळ पोचतच नाही. त्यामुळं कडेची चीर भरून येऊ शकते, मधली सहसा येत नाही. माझी कडेची आहे, आणि अर्धवट. नशीबवान आहेस म्हणाल्या. सहा आठवडे स्प्लिंट, मग हालचाल, मग पकड, मग पुढचं पुढं.

नशीबवान बाईला आज भाजीच्या डब्याचं झाकण उघडता आलं नाही. पाणी यायचा दिवस होता, ड्रम भरायला भाऊ एकटा पळत होता आणि मी दारात उभी राहून "अजून एक कळशी बसेल" अशा सूचना देत होते. तो काही बोलला नाही, पण एक कळशी मुद्दाम माझ्या पायावर सांडली.

शुक्रवार

"एका मंगळवारचं नाही" हे डोक्यातून जाईना, म्हणून आज सरावाची वही काढली. तारीख, लिफ्ट, वजन, सेट, शेरा असे रकाने. वजनाचे आकडे मी शंभरदा मागं जाऊन बघते. शेरे कधीच वाचले नव्हते.

ऑगस्ट: "टेप लावली."

सप्टेंबर: "दोन टेप." त्याच्या पुढच्याच आठवड्यात: "उजवं मनगट गरम. बर्फ."

मग: "क्लीनला कोपर वर येईना. आज फक्त पुल." (क्लीन म्हणजे बार खांद्यावर घेणं, तिथून डोक्यावर नेणं तो जर्क; पुल म्हणजे नुसता वर ओढणं.)

दसऱ्याच्या आदल्या दिवशी: "भाकरी थापताना दुखलं. सरावात ठीक." भाकरी थापताना दुखतं आणि ८० किलोचा क्लीन घेताना दुखत नाही, असं हे जगातलं एकमेव मनगट असावं.

आणि शेवटी सलग अकरा दिवस एकच शब्द. ठीक. ठीक. ठीक. पान उलटं करून बोट फिरवलं तर मागच्या बाजूला अक्षरं हाताला लागतात, इतकं पेन दाबलेलं. आणि त्या मंगळवारी: "६२, दोन छाट. ठीक."

छाट हा शब्द आमच्या घरचा. आई विड्या कारखान्यात पोचवते तेव्हा तिथं तपासणारा नको असलेल्या विड्या बाजूला काढतो. ती छाट. तिचे पैसे मिळत नाहीत, पान-तंबाखू गेलं ते गेलं. लहानपणापासून ऐकून ऐकून मी चुकलेल्या लिफ्टला छाटच म्हणते. आता हॉलमधले अर्धे लोक म्हणतात.

वही आईला दाखवली. ती चौथी शिकलीय, वाचते सगळं. सूप मांडीवर, उजव्या अंगठ्याचं नख दोऱ्यानं झिजून एका बाजूला खाच पडलेलं. वही न धरता, मान तिरकी करून वाचली. मग गोणपाटाखालचं एक पान काढलं, जे कडेला नीट भिजलं नव्हतं, आणि माझ्यासमोर वळायला घेतलं. अर्ध्या वळणाला ते चर्रकन फाटलं. "पान सुकं असलं की फाटतंच. मग दोऱ्याला शिव्या घालून काय उपयोग?"

मला वाटलं आता ती स्वतःच्या बोटांबद्दल काही बोलेल. पहाटे तिची बोटं मिटत नाहीत, कोमट पाण्यात धरून बसते, मला माहीत आहे. ती बोलली नाही. तिला सहा आठवडे स्प्लिंट लावा म्हणणारं कुणी नाही, आणि लावली तर आठवड्याचा हिशोब कोण पुरा करणार, हेही मला माहीत आहे. यावर आज काही लिहिता येत नाही.

सरांबद्दल मात्र लिहायचंय. त्यांनी कधी विचारलं नाही हे खरं, मी कधी सांगितलं नाही हेही खरं. पण वही दर शनिवारी ते सही करून परत देतात. अकरा "ठीक"च्या खाली त्यांचीच सही आहे. त्यांनीही आकडेच वाचले.

रविवार

शेवटी गेले हॉलवर. चॉकचा वास आला आणि रडू आलं. ते शिंकेत लपवलं.

भिंतीवर संकेत सरगरचा फोटो आहे. सांगलीचा पोरगा. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य. स्नॅच ११३, क्लीन अँड जर्क १३५, एकूण २४८. सोनं २४९ ला गेलं. १३९ च्या दुसऱ्या प्रयत्नाला त्याचं कोपर गेलं, तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला १४१ वर परत आला. ती लिफ्ट झाली नाही. पदक घ्यायला उभा राहिला तेव्हा हात झोळीत होता. सर हा किस्सा दर महिन्याला सांगतात आणि दर महिन्याला माझ्या अंगावर काटा येतो. आजही आला. पण आज पहिल्यांदा वाटलं, त्याच्यासमोर एका किलोच्या अंतरावर राष्ट्रकुलचं सोनं होतं. माझ्यासमोर काय होतं? पत्र्याचं छत, मंगळवार आणि मोबाईल बघत बसलेले दोघं. स्पर्धेच्या रात्रीचा नियम मी रोजच्या सरावाला लावत होते.

शेजारीच मीराबाई चानूचा टोकियो ऑलिंपिकमधला फोटो. ४९ किलो गट, ८७ आणि ११५, एकूण २०२, रौप्य. त्याच्या तीन वर्षं आधी, २०१८ ला, पाठीच्या दुखण्यामुळं ती आशियाई स्पर्धेला गेलीच नव्हती. न खेळलेल्या स्पर्धेचा फोटो कोण लावणार?

चौदा वर्षांची एक पोर आहे, माझ्याकडं बघून स्नॅच शिकलेली. टेपचा दुसरा वेढा घेताना दिसली.

"दुखालंय का गं?"

"नाही ताई. बरंय."

तिची वही मागितली. शेऱ्याच्या रकान्यात "ठीक"! म्हटलं, शब्द नको, किती दुखतंय त्याचा शून्य ते दहा आकडा लिही, कुणाला दाखवू नको. तिनं बराच विचार करून ५ लिहिला. मग सरांकडं बघितलं आणि खोडरबरानं पुसला. पेन्सिलनं लिहिते, पुसलं की गेलं; मी निदान पेन दाबत होते. सरांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, माझ्यावर चिडले की स्वतःवर ते कळलं नाही. त्या पोरीला आज फक्त स्क्वॉट दिले. जाताना ती माझ्याशी बोलली नाही.

परत येताना बाळीवेशीजवळ नंदीध्वजाचा सराव दिसला. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा जवळ आली की रात्री पोरं उंचच्या उंच काठी घेऊन निघतात. एकजण पेलतो, बाकीचे भोवती हात तयार ठेवून चालतात. पेलणाऱ्याला दम लागला, त्यानं नुसती मान हलवली आणि शेजारचा पुढं झाला. काठी तोल न जाता दुसऱ्याकडं गेली. का सोडलीस म्हणून त्याला कुणी विचारलं नाही. तो कडेला येऊन घाम पुसत मी थांबले होते त्याच गाड्यावर भजी घ्यायला उभा राहिला, आणि माझ्या स्प्लिंटकडं बघून म्हणाला, "काय बे, गाडीवरनं पडलीस का?"

जानेवारीअखेर

स्प्लिंट निघाली. आतला हात दुसऱ्याच कुणाचा वाटला. बारीक, पांढुरका, सोललेल्या शेंगेसारखा. छोट्या हातोडीचा दांडा धरून मूठ डावीकडं-उजवीकडं फिरवायची, दिवसातनं तीनदा. घरात खिळे ठोकायचं कुणाचं काम निघालं की आता मलाच हाक मारतात.

मधल्या काळात हात लागणार नाही असं सगळं केलं. गच्चीवर रोज ३०० बैठका, आजोबा तालमीत मारायचे तशा. मांड्या वाढल्या, वजन वाढलं. माझा ५५ चा गट तसाही जून २०२५ पासून राहिला नाही, आता ५३ नाहीतर ५८. दोन वर्षं ५५ साठी रात्रीची भाकरी अर्धी केली होती. आज वजन ५६.८. ५८ मध्ये जाणार. शेंगाचटणी आणि दही घेऊन दोन कडक भाकऱ्या खाल्ल्या आणि निर्णय पक्का झाला.

मार्च, सोमवार

आज बार. नुसता, प्लेटांशिवाय, बायकांचा १५ किलोचा. हॉलमधल्या नव्या पोरी वॉर्मअपला घेतात तो. अंगठा आत घालून पकड घेतली तेव्हा तळव्याला घाम होता. पाच सेट, तीन-तीन. चौथ्या सेटला बार खाली ठेवताना करंगळीकडं जरा चमकलं. पाचवा सेट सोडावासा वाटला नाही, पण सोडला.

वहीत लिहिलं: स्नॅच, १५, ४×३. शेरा: २. बार ठेवताना, करंगळीची बाजू.

चौदा वर्षांची ती मागून वाकून बघत होती. काही बोलली नाही. तिच्या वहीत बघायला मी गेले नाही.

घरी आले तर आई पानं कापत होती. फर्मा पानावर ठेवून कात्री फिरवत, वर न बघता तिनं विचारलं, "किती झाले?"

"पंधरा."

"पंधराशे?"

"किलो गं."

कात्री थांबली. "आणि छाट?"

"तीन. मीच काढली."