नॉर्विच : १४ मीटरची गल्ली

लेकीकडे इंग्लंडमधल्या नॉर्विचला जायचं ठरलं तेव्हा तिने कॅथीड्रल, किल्ला, बाजार अशी यादी करून ठेवली होती. माझी त्यात एकच भर होती : गोल्डस्मिथ स्ट्रीट ही नगरपालिकेने बांधलेली घरांची वसाहत. पुण्यात आमच्या सोसायटीचा पुनर्विकास व्हायचा आहे, मी कमिटीत आहे. वर्षभर बिल्डरची चित्रं बघतेय. त्या चित्रांत आमची नवी इमारत दिसते, शेजारची एकही दिसत नाही.

आधी मुद्दाम जुन्या वस्तीतून गेलो. गोल्डन ट्रँगल म्हणतात त्या भागाला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली विटांची दुमजली घरं, भिंतीला भिंत लागून सलग रांगेत, आणि प्रत्येकाचं दार रस्त्याकडे. एका दारापासून समोरच्या दारापर्यंत मी पावलं मोजली. तेवीस भरली. तिथून चालत गोल्डस्मिथ स्ट्रीटला आलो आणि पुन्हा मोजली. तेवढीच!

मिखाईल रिचेस ही फर्म आणि कॅथी हॉली या वास्तुरचनाकारांनी रस्त्याची ही १४ मीटर रुंदी जुन्या गल्ल्यांवरूनच घेतली. इंग्लंडमध्ये समोरासमोरच्या खिडक्यांमध्ये २१ मीटर सोडायचा प्रघात आहे. तो पाळला असता तर एवढी घरं बसवायला उंच इमारत चढवावी लागली असती. इथे दोन-तीन मजल्यांतच सुमारे १०५ घरं बसली आहेत. कोणाच्या घरात कोणाची नजर जाऊ नये म्हणून खिडक्यांच्या जागा विचार करून ठरवल्या. छपरांचा उतार फक्त १५ अंशांचा ठेवला, म्हणजे पुढच्या रांगेची सावली मागच्या घरांवर पडत नाही. हिवाळ्यात तिथला सूर्य फारसा वर चढतच नाही, त्यामुळे या गोष्टीचं मोल फार.

जुन्या घरांची नक्कल मात्र कुठेच नाही. विटा फिक्या रंगाच्या आहेत. कौलं लाटेसारखी, काळी चकचकीत. नॉरफक म्हणजे नॉर्विचच्या आसपासच्या परगण्यातल्या जुन्या घरांवर तशीच दिसतात. दाराला पत्र टाकायची फट नाही, पत्रपेटी बाहेर पोर्चमध्ये. घर गरम ठेवायला कमीत कमी इंधन लागावं म्हणून हवा गळेल अशी एकही जागा सोडलेली नाही. लेक म्हणाली, "आई, माझ्या खोलीच्या खिडकीतून वारा येतो, आणि ही नगरपालिकेची भाड्याची घरं!" मला तेच सांगायचं होतं. २०१९ साली ब्रिटनमधला वास्तुकलेचा मानाचा स्टर्लिंग पुरस्कार याच वसाहतीला मिळाला. नगरपालिकेच्या घरांना तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

सगळ्यात जास्त वेळ मी मागच्या बोळात रेंगाळले. दोन रांगांच्या परसांमधून जाणारी ही सामाईक वाट. गाड्यांची जागा वसाहतीच्या कडेला ठेवलेली, त्यामुळे आत गाडी येण्याची भीती नाही. एका फाटकाला लहान मुलाची सायकल टेकवलेली होती, कुलूप न लावता. माझं लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. तिथे मागच्या दाराने कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरता यायचं. बोळातून चालताना तो वाडा फार आठवला.

वरच्या मजल्यांवरच्या फ्लॅटनाही स्वतःचं दार आहे, थेट रस्त्यावर उघडणारं. सामाईक जिना नाही, लॉबी नाही. जो येतो तो रस्त्यावरून येतो आणि शेजाऱ्यांना दिसतो. आमच्या नव्या आराखड्यात तळाचे दोन मजले पार्किंगचे आहेत. समोरच्या बैठ्या घरांतल्या आजी आज ओट्यावर बसतात, आमच्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंशी बोलतात. उद्या त्यांच्यासमोर वीस फूट कोरी भिंत येणार. हे वर्षभर माझ्या मनात होतं, पण नेमकं काय खटकतंय ते बोलता येत नव्हतं.

त्या रात्री लेकीच्या टेबलावर बसून आराखड्याची पीडीएफ उघडली आणि रस्त्याकडे उघडणारी दारं मोजली. गेट धरून तीन. कमिटीची मीटिंग परवा आहे. इथून व्हिडिओवर बसेन आणि पहिला प्रश्न याच तीन दारांचा विचारेन.