विकतचा कोळसा, तोही पिठाचा

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा मी मागीलदारच्या ग्रिलचा फोटो टाकला. जाळीवर बांगडे, बाजूला कोळशाची पिशवी. बांगड्यांकडे कोणी बघितलंच नाही. मालवणच्या दादाने (सख्खा नव्हे, काकांचा) पिशवीवरचं नाव वाचून कुठून तरी माहिती काढली आणि खाली लिहिलं, “अगो, कोळसो पण इकत घेतंस? तो पण पिठाचो?” त्यावर काकवांचे, आत्याचे, वहिनीचे हसणारे चेहरे. आईनेही एक टाकला. तो जरा लागला.

तर हो, पिठाचो. लाकडाच्या गिरणीतला भुसा आणि ढलप्या बंद भट्टीत कमी हवेवर जाळायच्या, झालेला कोळसा दळायचा, बांधून राहावा म्हणून त्यात स्टार्च, म्हणजे पिठाची खळ, घालायचा आणि साच्यात दाबून वाळवायचा. इकडे अमेरिकेत त्या वडीला ब्रिकेट म्हणतात. काही कंपन्या थोडी चुनखडी घालतात, म्हणजे राख पांढरी पडते आणि कोळसा तयार झाल्याचं लांबून कळतं. साच्यातून सुटावी म्हणून बोरॅक्स घालतात, काहींत दगडी कोळशाची पूडही असते. नुसतं लाकूड आणि स्टार्च असलेल्या वड्याही मिळतात. मी त्या घेते, चार पैसे जास्त गेले तरी.

याचं पेटंट 1897 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या एल्सवर्थ झ्वॉयरने घेतलं, पण घराघरांत पोचवलं ते हेन्री फोर्डने. मॉडेल टी गाडीला तेव्हा लाकूड बरंच लागायचं. मिशिगनमधल्या त्याच्या गिरणीत तुकड्यांचे ढीग साठले आणि ते फेकणं त्याच्या जिवावर आलं. कृती ओरेगनच्या एका रसायनशास्त्रज्ञाची, कारखान्याची आखणी एडिसनची, आणि विक्री चक्क मोटारींच्या शोरूममध्ये. जंगलाची जमीन मिळवून द्यायला एडवर्ड किंग्सफर्ड नावाच्या गृहस्थाने मदत केली होती, फोर्डच्या नात्यातल्या बहिणीचा नवरा. 1951 साली धंदा विकला गेला तेव्हा कोळशाला नाव लागलं ते त्याचं. झावळी, सोडण, करवंटी यातलं काहीच वाया न घालवणाऱ्या माणसांनी या गोष्टीला हसावं, हे काही मला पटत नाही.

मी राहते कॅन्सस सिटीला. गणपतीत कोणाच्या घरच्या आरतीची चाल खरी यावर आपल्याकडे जसे लोक हट्टाला पेटतात, तसे इथले कोळशावरून पेटतात. दुकानात कोळशाची अख्खी भिंत. एका बाजूला लम्प, म्हणजे आपल्या ओळखीचा वेडावाकडा लाकडी कोळसा. लवकर पेटतो, भडक आच देतो, राख थोडी. बांगड्याला, पापलेटला, कोलंबीला हाच. कातडी चरचरली, उलटलं, झालं. पण पिशवीत वर मनगटाएवढे ओंडके आणि तळाला नुसता चुरा. आच कुठे किती लागेल त्याचा भरवसा नाही, समोरून हलता येत नाही.

वडी मात्र एकसारखी, आणि माझा जीव तिच्यावर जडलाय तो त्यासाठीच. केटल म्हणजे झाकणाचं गोल ग्रिल, त्याच्या कडेने वड्यांची दुहेरी रांग लावायची, तिच्यावर आणखी एक थर, अर्ध्या वर्तुळाच्या जरा पुढेपर्यंत. अधूनमधून सफरचंदाच्या किंवा हिकरीच्या लाकडाचा तुकडा ठेवायचा. एका टोकाला दहाबारा पेटते निखारे ठेवले की एक वडी दुसरीला लावत जाते. झडपा बेताच्या उघड्या ठेवल्या तर 110 ते 120 अंश सेल्सिअसची आच तासन्‌तास टिकते. पहिला दाट पांढरा धूर कडवट असतो, तो जाऊ द्यायचा. पातळ निळसर धूर दिसायला लागला की मटणाची तंगडी जाळीवर. मग झाकण उघडायचं नाही. मांस 65-70 अंशांवर येऊन अडून बसतं, काटा हलत नाही, कारण वरचं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. नवख्यांना वाटतं कोळसा संपला, ते आणखी ओततात. वड्यांची रांग असली की किती जळल्या आणि किती उरल्या ते एका नजरेत कळतं. खुर्ची ओढून खुशाल बसावं.

आईला मी चुलीपुढे खुशाल बसलेली कधी पाहिली नाही. चुलीवर भात, वैलावर कढी, हातात फुंकणी आणि डोळ्यांत पाणी. गॅस आला तरी न्हाणीचं पाणी चुलीवरच राहिलं. आता किनाऱ्याला जिथे तिथे ‘चुलीवरचं जेवण’ अशी पाटी दिसते आणि त्याचे जादा पैसे लागतात. त्यातले चुलीपुढे बसणारीच्या हातात किती पडतात, ते दादाने एकदा ग्रुपवर लिहावं. त्याचंही होमस्टे आहे.

वैताग आणतात त्या झटपट पेटणाऱ्या वड्या. काडी लावली की भक्कन पेटतात, कारण त्या इंधनात भिजवलेल्या असतात. नीट राख चढेपर्यंत थांबलं तर वास उडून जातो म्हणतात. थांबतं कोण? चार जुलैला, इथल्या स्वातंत्र्यदिनी, आमच्या गल्लीत घासलेटाच्या रांगेत उभं असल्यासारखा वास येतो. झटपट खाऊन उठायचं असेल तर एक वेळ चालेल, पण धुरावर शिजवायला या वड्या वापरणं हा शुद्ध अडाणीपणा. रांगेतली प्रत्येक नवी वडी सावकाश पेट घेणार आणि तिचा कच्चा धूर मांसात मुरणार. साध्या वड्या पेटवायला लागतं काय, तर एक पत्र्याचं नळकांडं. खाली वर्तमानपत्राचा बोळा, वर वड्या. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कडा पांढुरक्या होतात. सुक्या झावळीने चूल पेटवणाऱ्या कोणालाही हे शिकवावं लागणार नाही. इथे मात्र उच्चशिक्षित माणसं बाटलीतून इंधनाच्या पिचकाऱ्या मारत असतात.

हे मी शेजारच्या आजोबांना एकदा सांगून पाहिलं. माणूस देवासारखा, बर्फ पडला की आमच्या दारापुढचाही उपसून देतो, न सांगता. पण कोळशाचा विषय निघाला की माझ्या खांद्यावरून नवऱ्याकडे बघून बोलतो. नवरा पुण्याचा, शाकाहारी, ग्रिलवर कणसाच्या पुढे गेलेला नाही. तो गंभीरपणे मान डोलावतो. चिमटा माझ्या हातात असतो. घरातली चूल बाईची आणि अंगणातली बाप्याची, हे अमेरिकेने कधी ठरवलं कोण जाणे. आपण तरी काय मोठे, रायगडकडे थंडीत शेतात पोपटी लागते तेव्हा भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा मडक्यात भरायला पुढे कोण असतं? बायकांना बोलावणं येतं ते मडकं उघडल्यावर.

अपार्टमेंटात होतो तेव्हा यातलं काहीच करता येत नव्हतं. लाकडी बाल्कनीत कोळसा पेटवायला बंदी, इमारतीपासून 10 फूट लांब जा. तेव्हा चिडचिड व्हायची. आता भिंती लाकडाच्या असतात हे कळलंय, त्यामुळे गप्प.

विकत घेण्यावरून बोलायचं तर कोळसा आपल्याकडे तरी कुठे फुकट पडला? रायगडातली कातकरी कुटुंबं उचल घेऊन भट्ट्यांवर जातात, लेकराबाळांसकट, आणि ती उचल फिटता फिटत नाही. ढाब्यावरच्या तंदुरीत तोच कोळसा असू शकतो. इथल्या लम्पच्या पिशव्यांवरही मागे बघितलं तर कधी पॅराग्वे लिहिलेलं असतं, तिथल्या चाको भागातलं जंगल किती झपाट्याने जातंय ते बातम्यांत येतं. गिरणीच्या भुशाची वडी त्या मानाने बरी, असं मी स्वतःला सांगते. तीही हजारो मैल ट्रकने हिंडून येत असेल, त्याचा हिशेब मी करत नाही.

गंमत म्हणजे हसून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी दादाचा मला एकटीला मेसेज. “बाय, ती चौकोनी कोळशाची गोणी हय खय मेळतली?” मुंबईच्या पाहुण्यांना रात्री बार्बेक्यू हवा असतो, तारकर्लीला सगळ्यांनी सुरू केलंय.

दादा, तुझ्यासाठी आणि तुझ्यासारख्या बाकीच्यांसाठी: दुकानात नुसतं ‘ब्रिकेट’ मागू नकोस. आपल्याकडे त्या नावाने बॉयलरचे दंडगोल मिळतात, भुसा, बगॅस (उसाची चिपाडं), शेंगांची टरफलं दाबून केलेले. त्यांचा कोळसा केलेलाच नसतो. धुराने पापलेट वाया जाईल आणि पाहुणेही. काजूची टरफलं जाळीखाली अजिबात नको. बिया भाजताना उडणारं तेल कातडी सोलतं हे तुला मी सांगायला नको, त्याचा धूर माशात कशाला?

तुला वडी लागतच नाही. तुझं जेवण तासाभरात उरकतं, दहा तास धुरी कोण मागतंय? तुझ्या मांगरात करवंट्यांचा ढीग आहे. इंडोनेशिया करवंटीच्या कोळशाच्या वड्या करून जगभर विकतं, इथे त्या चढ्या भावाने मिळतात. करवंटी पूर्ण सुकवून खड्ड्यात किंवा पत्र्याच्या पिंपात थोडी थोडी पेटवत भर, पांढरा धूर संपत आला की झाकण घालून कडेने माती लिंप आणि पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नकोस. वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास कोळसा मिळेल, पण टणक, आचेला जोरदार आणि राखेला कमी. त्याची राख माडाच्या आळ्यात खुशाल घाल. विकतच्या वड्यांची घालू नये, त्यात काय काय मिसळलंय ते वर लिहिलंच आहे.

तरी हौस असेल आणि वड्याच आणायच्या असतील, तर मे महिन्यापर्यंत पुरतील एवढ्याच आण. आपल्या पावसात स्टार्चने बांधलेली वडी ओल धरते आणि हातात भुगा होते. उरल्या तर घट्ट झाकणाच्या पिंपात. आणि पाऊस लागल्यावर पाहुणे कितीही मागे लागले तरी ग्रिल खोलीत किंवा ताडपत्रीने बंद केलेल्या पडवीत आणायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, निखारे विझत आले तरी तो येतच राहतो.