पदवी नसताना इंग्रजी शिकवण्याची पहिली नोकरी: नॉम पेन्हचा अनुभव

कंबोडिया निवडला तो एकेक देश यादीतून गळत गेल्यावर. दक्षिण कोरियाच्या ई-२ व्हिसाला, म्हणजे परदेशी भाषा-शिक्षकांच्या व्हिसाला, पदवी लागतेच. चीन, व्हिएतनाम, थायलंड इथेही रीतसर शिकवायचं तर आधी पदवीचा कागद मागतात. काही एजंट म्हणतात, पर्यटक व्हिसावर या, पुढचं बघून घेऊ. त्यांच्या नादी लागू नका. पकडलं गेलं तर परत तुम्हालाच पाठवतात, एजंटला नाही. कंबोडियात पदवी नसलेल्याला घ्यायचं की नाही, हे बहुतांशी शाळाच ठरवते. म्हणून तिथली राजधानी, नॉम पेन्ह.

निघण्याआधी एक काम मात्र नीट करा: प्रशिक्षण. 'सेल्टा' हा इंग्रजी शिकवायला शिकवणारा केंब्रिजचा अभ्यासक्रम १२० तासांचा आहे आणि त्याला पदवीची अट नाही. इंटरनेटवरचे स्वस्त कोर्सही १२० तासच लिहितात, पण आकडा सारखा म्हणून माल सारखा नसतो. सेल्टामध्ये खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, मागे प्रशिक्षक टिपणं काढत बसलेला असतो. मुलाखतीत मला पदवीबद्दल एकदा विचारायचे आणि मग बराच वेळ त्या सहा तासांबद्दल. वर्गात काय फसलं, पुढच्या तासाला काय बदललं, हे सांगता आलं की समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकतो. खोटं पदवी प्रमाणपत्र अजिबात नको. पोलिसांचा चारित्र्य दाखला घरूनच काढून न्या. लहान मुलांच्या शाळा तो मागतात आणि परदेशात बसून मिळवणं फार त्रासाचं होतं.

विमानतळावर व्हिसा घेताना दोन प्रकार दिसतील. पर्यटकांचा टी, ३० डॉलर. 'ऑर्डिनरी' म्हणजे ई, ३५ डॉलर. पाच डॉलर वाचवायला टी घेऊ नका. तो एकदाच, महिनाभर वाढवून मिळतो. ई मात्र देशात राहूनच पुढे वाढवता येतो: काम शोधत असाल तर ईजी, नोकरी मिळाल्यावर ईबी. डॉलरच्या नोटा कोऱ्या ठेवा. फाटकी, डागाळलेली नोट तिथे कोणी घेत नाही. सुटे पैसे रिएल या तिथल्या चलनात परत मिळतात, साधारण ४००० रिएलला एक डॉलर.

आता नोकरी. ईमेलवर मी फार भरवसा ठेवला नाही, तुम्हीही ठेवू नका. बोंग केंग कांग, तुओल तोम पुंग (रशियन मार्केटचा भाग) आणि तुओल कोक या भागांत शाळा आणि इंग्रजीचे वर्ग जवळजवळ आहेत. बायोडेटाच्या प्रती घेऊन सकाळी लवकर निघा, कारण ११ नंतर ऑफिसं जेवायला रिकामी होतात. स्वच्छ इस्त्रीचे कपडे, बंद बूट. स्वागतकक्षात कागद ठेवून निघू नका, ॲकॅडमिक मॅनेजरची भेट मागा. काही दारांवर 'नेटिव्ह स्पीकर'च, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच हवेत असं ऐकावं लागतं. मला हा भेदभाव चुकीचा वाटतो आणि तसंच म्हणेन, पण तिथे वाद घालण्यात दिवस जातो. पुढच्या शाळेत चला. समोरासमोर पाच मिनिटं बोलल्यावर पासपोर्टकडचं लक्ष तुमच्या बोलण्याकडे वळलेलं मी पाहिलं आहे.

खरा निकाल डेमो तासाला, म्हणजे शाळेने पारखायला घ्यायला लावलेल्या तासाला लागतो. ख्मेर या कंबोडियाच्या भाषेत क्रियापदाचं रूप काळानुसार बदलत नाही, आणि बोलताना इंग्रजी शब्दांच्या शेवटचे 'स', 'ट', 'ड' मुलांच्या तोंडून गळून पडतात. त्यामुळे 'वर्क्ड', 'प्लेड' यांसारख्या भूतकाळाच्या शब्दांवर तास बेतला तर अडचण ऐकूही येते आणि सुधारणाही दिसते. काल काय केलं हे मुलांनी जोडीजोडीने एकमेकांना विचारायचं, तुम्ही फिरत ऐकायचं, शेवटी दोनच चुका फळ्यावर घ्यायच्या. फळ्यापाशी उभं राहून व्याकरण समजावत बसलात तर नोकरी गेली असंच समजा. तुम्ही किती बोललात यापेक्षा मुलं किती बोलली, हे मागे बसलेले मोजत असतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कंबोडियात भरमसाट पगाराच्या 'डेटा एन्ट्री' किंवा 'कस्टमर केअर' नोकरीच्या नावाखाली बोलावून सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपणाऱ्या टोळ्या आहेत. अशा कचाट्यातून सुमारे २५० भारतीयांना सोडवल्याचं परराष्ट्र मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये सांगितलं होतं. शाळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार देऊ नका, नोकरीसाठी कोणाला पैसे देऊ नका, पासपोर्ट कोणाच्या ताब्यात ठेवू नका. नॉम पेन्हमधल्या भारतीय दूतावासाचा नंबर आधीच फोनमध्ये असू द्या.

करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. पगार बहुधा तासावर असतो, तेव्हा तयारीचा आणि पेपर तपासायचा वेळ धरला आहे का? एप्रिलच्या मध्यात ख्मेर नववर्षाला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या प्चुम बेन या पूर्वजांच्या सणाला शाळा बंद असते, त्या दिवसांचे पैसे मिळणार का? आणि वर्क परमिट कोण काढणार, खर्च कोणाचा? ईबी व्हिसा आणि वर्क परमिट हे दोन वेगळे कागद आहेत. व्हिसा आहे म्हणजे कामाची परवानगी आहे असं होत नाही. 'परमिटचं नंतर बघू' म्हणणारी एक बऱ्या पगाराची शाळा मी सोडली. कमी तासांची, पण पहिल्याच आठवड्यात माझे कागद कामगार मंत्रालयाकडे पाठवणारी शाळा घेतली.