सिस्कोला माफ, मग जेनवेला का नाही?

रविवार, रात्री पावणेबारा

आज मी वादात सपशेल हरले. तेही अशा विषयावर, ज्यात आजवर मी कुणाला उभं राहू दिलं नव्हतं.

दुपारी चौघं जमलो होतो. दादा, भाचा, माझी मैत्रीण आणि मी. 'स्टार ट्रेक' या अंतराळातल्या अमेरिकन टीव्ही मालिकांमधला सगळ्यांत आवडता भाग कोणता आणि आवडतं पात्र कोण, हा आमचा वर्षातून दोन-तीनदा उकरून काढायचा विषय. दर वेळी तेच बोलतो, पण तावातावाने.

दादाचं काही बदलत नाही. १९६६ ते १९६९ची मूळ मालिका, तिचे ७९ भाग आणि त्यातला विज्ञान अधिकारी स्पॉक. पुढचं सगळं त्याच्या मते शेपूट. भाच्याला 'डार्मोक' आवडतो. त्यातले परग्रहवासी फक्त आपल्या पुराणातल्या प्रसंगांचे दाखले देऊन बोलतात, त्यामुळे शब्द कळतात पण अर्थ लागत नाही. तो भाग बघितल्यापासून हा पोरगा घरात तसंच बोलतो. काही बिनसलं की "शाका, भिंती कोसळल्या तेव्हा!" त्याच्या आईला वैताग आलाय.

मूळ मालिकेचा कॅप्टन कर्क श्रेष्ठ की नंतरच्या मालिकेचा कॅप्टन पिकार्ड, यावर पंधरा मिनिटं गेली. त्याबद्दल लिहीत नाही, मला आता त्याचा कंटाळा आलाय.

मग माझी पाळी आली. माझा भाग ठरलेला आहे, 'डीप स्पेस नाइन' या पुढच्या मालिकेतला १९९८चा 'इन द पेल मूनलाइट'. डोमिनियन या परग्रही साम्राज्याशी युद्ध चाललंय, दर शुक्रवारी मेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची यादी लागते, आणि रोम्युलन नावाचे दुसरे परग्रहवासी तटस्थ बसलेत. त्यांना युद्धात ओढायला कॅप्टन सिस्को गॅरॅकच्या मदतीने खोटा पुरावा तयार करवतो. गॅरॅक म्हणजे सिस्कोच्या अंतराळ स्थानकावरचा शिंपी, पूर्वीचा हेर. रोम्युलन सिनेटर व्रीनॅक ती बनवाबनवी ओळखतो. मग त्याचं यान परतीच्या वाटेवर उडतं. बॉम्ब गॅरॅकने ठेवलेला असतो. ज्याने खोटं रेकॉर्डिंग बनवलं तोही मरतो. रोम्युलन युद्धात उतरतात आणि सिस्को हे सगळं आपल्या खासगी लॉगमध्ये, सरळ आपल्याकडे बघत, सांगतो. बोलता बोलता गणवेशाचा कोट उतरवतो, पेला उचलतो, आणि शेवटी अख्खा लॉग पुसून टाकायला सांगतो.

मी हे रंगवून सांगत होते. मैत्रीण शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आणि तुझा सगळ्यांत नावडता भाग कोणता गं?"

मी बेसावध होते. म्हटलं, "टुविक्स. जेनवेने खून केला."

१९९६चा 'व्हॉयेजर' मालिकेतला भाग. जेनवे त्या जहाजाची कॅप्टन. ट्रान्सपोर्टरमध्ये, म्हणजे माणसांना क्षणात दुसरीकडे पाठवणाऱ्या यंत्रात, गडबड होते आणि जहाजावरचे टुव्हॉक व नीलिक्स, दोघांचा मिळून एकच माणूस बाहेर येतो. तो स्वतःचं नाव टुविक्स ठेवतो. चांगला असतो. काम करतो, स्वयंपाक करतो, लोकांना आवडायला लागतो. पुढे दोघांना वेगळं करायची युक्ती सापडते, पण टुविक्सला मरायचं नसतं. तो ब्रिजवर, म्हणजे जहाजाच्या नियंत्रणकक्षात, एकेकाकडे बघून गयावया करतो, एकही जण उठत नाही. डॉक्टर नकार देतो, कारण समोरच्याच्या मर्जीविरुद्ध त्याचा जीव घेणं त्याच्या शपथेत बसत नाही. मग जेनवे स्वतः ते काम करते.

"म्हणजे दोघांना परत आणायला एकाचा जीव घेतला तर खून," मैत्रीण म्हणाली, "आणि सिनेटर आणि तो नकली पुरावा बनवणारा, असे दोघं मेले तरी तुझा सिस्को थोर?"

मी म्हटलं, सिस्कोने मारलं नाही, गॅरॅकने मारलं. दादा हसला. ती म्हणाली, "गॅरॅक काय करू शकतो हे त्याला माहीत नव्हतं? म्हणून तर तो त्याच्याकडे गेला." मी म्हटलं, युद्ध होतं, कोट्यवधी जीव होते. "मग आकड्यांवरच जायचं असेल तर दोन हे एकापेक्षा जास्तच की." तेवढ्यात दादाने कर्कला मध्ये घुसवलं : मूळ मालिकेत, इतिहास बिघडू नये म्हणून, एडिथ कीलर या बाईला मरणातून वाचवायला धावणाऱ्या आपल्या सहकारी मॅकॉयला त्यानेच धरून ठेवलं होतं, आणि त्याचं तर तिच्यावर प्रेम होतं. मला काही सुचेना. भाच्याने संधी साधली. "शाका, भिंती कोसळल्या तेव्हा."

घरी आल्यावरही डोक्यातून जाईना. व्रीनॅक पडद्यावर असतो तेवढा वेळ खडूस वागतो, आणि तो मरतानाही आपल्याला दिसत नाही. टुविक्सबरोबर मात्र आपण अख्खा भाग काढतो, त्याचं गयावया करणं ऐकतो. म्हणजे मी न्याय करत नव्हतेच. ज्याला जास्त वेळ पाहिलं त्याच्यासाठी रडत होते. दुसरं जास्त झोंबलं. सिस्को मला सांगतो. मला विश्वासात घेतो, स्वतःची लाज माझ्यासमोर मांडतो, आणि मी विरघळते. जेनवे काहीच सांगत नाही. घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर, अख्ख्या जहाजाची जबाबदारी, तिने कुणाजवळ बोलायचं?

अर्थात सिस्कोही कुणाजवळ बोलत नाहीच. आपण चोरून ऐकतो, इतकंच.

जेवण झाल्यावर 'टुविक्स'ची शेवटची पाच मिनिटं लावली. काम आटोपून जेनवे सिकबेमधून, म्हणजे जहाजावरच्या दवाखान्यातून, बाहेर कॉरिडॉरमध्ये येते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर. संवाद नाही. मी हा क्षण इतकी वर्षं 'बघा कशी थंड' म्हणून दाखवत आले. आज तीनदा मागे घेऊन पाहिला. ती थंड नाहीये. जेनवेचं काम करणाऱ्या केट मलग्रूने ओठ घट्ट मिटलेत, एवढंच.

तरी टुविक्सवर अन्याय झाला असंच मला वाटतं. त्यावर मी हटणार नाही. या तिन्ही कॅप्टनांपेक्षा आज मला तो नाही म्हणणारा डॉक्टर जास्त पटला. इतक्या वादांत त्याचं नाव आम्ही एकदाही घेतलं नव्हतं.

वहीत आवडत्या भागांची यादी आहे. 'इन द पेल मूनलाइट' पहिल्या ओळीवर. खोडावं म्हणून पेन टेकवलं, आणि नाही खोडलं. मैत्रिणीला यातलं काही कळवणार नाहीये. हे पान तिच्या हाती लागलं तर पुढची दोन वर्षं ऐकावं लागेल.